पैसे खरे आहेत ते कळावं, कुणी दिले ते नाही

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की फोनवरून दिलेले पैसे म्हणजे कॅश नव्हे, कॅशचं चित्र आहे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. काहींनी झापलंय, काहींनी बारीक बारीक प्रश्न विचारलेत, आणि एका मुलीने तर गणित मागितलंय, तिचं उत्तर सगळ्यात लांब झालंय, गणिताचा कंटाळा असेल त्यांनी तो भाग सरळ गाळून पुढे जा, मी रागावणार नाही.

प्रश्न : मी जे पेमेंट ॲप वापरतो त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकांचा डेटा 'निनावी करून' ठेवला जातो. मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?

'निनावी करून' म्हणजे काय केलं, ही माझी तक्रार. बहुतेक वेळा नाव काढून टाकतात आणि त्या जागी एक नंबर चिकटवतात. पण तो नंबर रोज तोच राहतो. म्हणजे नंबर अमुकतमुक सकाळी इथे होता, दुपारी तिथे, रात्री औषधांच्या दुकानात. २०१५ साली एमआयटीच्या संशोधकांनी ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे कार्ड व्यवहार तपासले, नावं नाहीत, कार्ड नंबर नाहीत, फक्त कुठल्या दिवशी कुठल्या दुकानात, एवढंच. असे चार व्यवहार माहीत असले की ९० टक्के माणसं त्या गर्दीतून एकटी वेगळी निघाली. आणि चार व्यवहार माहीत असायला गुप्तहेर लागत नाही हो, तुमच्यासोबत दोनदा जेवायला आलेला सहकारी आणि तुम्ही टाकलेले दोन फोटो पुरे.

दुसरी युक्ती म्हणजे फोन नंबर 'हॅश' करून ठेवणे. हॅश म्हणजे नंबर यंत्रातून दळून काढायचा, पिठावरून दाणा ओळखू येत नाही म्हणतात. पण दहा आकडी फोन नंबर जास्तीत जास्त किती असणार, एक हजार कोटी. सगळेच्या सगळे दळून यादी करायला साध्या कॉम्प्युटरला फार वेळ लागत नाही, मग यादीत बघायचं की हे पीठ कुठल्या दाण्याचं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळं त्यांनी माहिती आधी *गोळा केल्यानंतर* केलेलं आहे. नोटेचं तसं नसतं. नोट हातातून गेली की दुकानदाराला कळतं की नोट खरी आहे, बास. तुमचं नाव पुसावं लागत नाही कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं. मला डिजिटलमध्ये हेच हवंय, आणि हे अशक्य वगैरे अजिबात नाही, त्याचा उपाय १९८२ पासून कागदावर तयार आहे.

प्रश्न : पण आता कार्ड नंबरऐवजी 'टोकन' जातं ना दुकानदाराकडे? मग झालं की निनावी.

दुकानदारापुरतं थोडंफार झालं. त्याची यादी चोरीला गेली तरी तुमचा खरा कार्ड नंबर त्यात नाही, हा मोठा फायदा, नाकारत नाही. पण ते टोकन कुणाचं, हे कार्ड कंपनीला आणि बँकेला ठाऊक असतं, नाहीतर पैसे कापणार कुणाच्या खात्यातून? चोरापासून जपणं वेगळं आणि बँकेपासून जपणं वेगळं. कुणीही 'आमचं पेमेंट प्रायव्हेट आहे' म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कुणापासून?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'बँक न बघता सही करते' हे वाक्य सगळे लिहितात पण कसं ते कुणीच सांगत नाही. प्लीज एकदा खरे आकडे घालून दाखवा ना.

दाखवते, पण आधी कल्पना. डेव्हिड चॉम नावाच्या अमेरिकन संशोधकाने ती १९८२ मध्ये मांडली आणि उदाहरण त्याचंच आहे, कार्बन पेपरचं. तू एका कागदावर स्वतः ठरवलेला एक नंबर लिहितेस, तो कागद पाकिटात घालतेस, पाकिटाच्या आत कार्बन लावलेला आहे. बंद पाकीट बँकेला देतेस, बँक तुझ्या खात्यातून पैसे कापते आणि पाकिटावर बाहेरून सही ठोकते. कार्बनमुळे सही आतल्या कागदावर उमटते. घरी येऊन पाकीट फाडून फेकायचं. आता तुझ्याकडे बँकेची खरी सही असलेला कागद आहे, हाच तुझं नाणं, आणि बँकेने तो कागद कधीच पाहिलेला नाही. याला ब्लाइंड सिग्नेचर म्हणतात, मी आंधळी सही म्हणते.

आता आकडे. खेळण्यातले घेऊ. नियम असा की प्रत्येक गुणाकाराला ३३ ने भागायचं आणि बाकी तेवढी ठेवायची. बँकेची सही करायची गुप्त रीत म्हणजे ७ वा घात. आणि सही तपासायची जाहीर रीत, जी सगळ्या जगाला माहीत आहे, ती म्हणजे घन. (३३ बरोबर ७ आणि ३ ची जोडी कशी जमते ते आरएसएच्या, म्हणजे या सहीमागच्या गणिताच्या, धड्यात असेल तुझ्या.)

तुझ्या नाण्याचा नंबर ५. तू मनात एक गुप्त आकडा धरतेस, २. त्याचा घन ८. पाच आठे चाळीस, ३३ काढले, उरले ७. हे ७ म्हणजे तुझं पाकीट, बँकेला हेच दिसतं. बँक ७ चा ७ वा घात करते, ८२३५४३, बाकी २८. ती तुला २८ परत देते. तू २८ ला तुझ्या गुप्त २ ने भागतेस, १४. आता १४ ही ५ या नंबरवरची बँकेची सही आहे का? तपासू, १४ चा घन २७४४, ३३ ने भागून बाकी ५. आहे! बँकेने थेट ५ वर सही केली असती तरी १४ च आली असती, करून बघ. असं होतं कारण २ चा आधी घन आणि मग ७ वा घात केला की बाकी परत २ च येते, म्हणून शेवटी एका २ ने भागलं की पाकीट निघून जातं.

आता बँकेच्या वहीत काय आहे? '७ घेतले, २८ दिले.' आणि महिन्याने दुकानदार बँकेत काय घेऊन येतो? '५ आणि १४.' सही खरी आहे, पैसे देणं भाग आहे, पण ही जोडी वहीत कुठेच नाही.

तू म्हणशील की बँक हुशार असेल, उलटं गणित करून शोधेल. करू दे. समजा त्याच दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाने बँकेला १३ दिलं होतं. त्याचा गुप्त आकडा १७ असता तर? १७ चा घन ४९१३, बाकी २९, गुणिले ५ म्हणजे १४५, बाकी १३. म्हणजे ५ नंबरचं नाणं त्याचंही असू शकतं! कुठल्याही पाकिटाला कुठलंही नाणं जुळवणारा एक गुप्त आकडा निघतोच. त्यामुळे कितीही मोठा कॉम्प्युटर आणला तरी वहीतून उत्तर निघत नाही, कारण उत्तर वहीत नाहीच. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच, उद्या क्वांटम कॉम्प्युटरने आरएसए फोडलं तर बँकेच्या सह्या खोट्या करता येतील, बँकेची वाट लागेल, पण जुन्या गिऱ्हाइकांचं निनावीपण या सह्यांमधून तरीही उघडं पडणार नाही.

खऱ्या वापरात ३३ च्या जागी ६१७ आकडी संख्या असते, आणि नाण्याचा नंबर आधी हॅशमधून काढतात. (वर मी हॅशला नावं ठेवली, इथे तो कामाचा आहे, दोन्ही खरं.) तो नसेल तर कुणीही आधी '१४ ही सही' असं ठरवून घन करून '५ हा नंबर' मागाहून काढेल आणि फुकट नाणी पाडत बसेल. परीक्षेत विचारलं तर हे लिही, मार्क मिळतील.

प्रश्न : बँक बघतच नाही म्हटल्यावर मी १ चं म्हणून पाकीट देईन आणि आत १००० लिहीन!

किंमत आत लिहायचीच नसते. १ साठी बँकेची वेगळी सही, १०० साठी वेगळी, १००० साठी वेगळी. ज्या सहीने शिक्का मारला तेवढी किंमत.

प्रश्न : आमचं दुकान आहे. डिजिटल नाणं म्हणजे शेवटी आकडेच, ते कॉपी करून गिऱ्हाइकाने मलाही दिले आणि शेजाऱ्यालाही दिले तर? निनावी म्हणजे मी त्याला शोधणार कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त. सरळ उपाय असा की दुकानात नाणं आलं की तिथल्या तिथे बँकेला विचारायचं, हा नंबर आधी खर्च झालाय का? झाला असेल तर माल द्यायचा नाही. बँकेला खर्च झालेल्या नंबरांची यादी ठेवावी लागते, कुणी खर्च केले हे ठेवावं लागत नाही. नेट असेल तर विषय संपला.

नेट नसेल तर गंमत आहे. १९८८ साली चॉम, एमोस फियाट आणि मोनी नाओर यांनी एक पद्धत काढली. गिऱ्हाइकाची ओळख, समजा ७३४१ हा खाते नंबर, दोन तुकड्यांत फोडायची, २८१६ आणि ४५२५. बेरीज केली तरच खाते नंबर, एकटा तुकडा म्हणजे नुसता कुठलातरी आकडा. अशा समजा २० जोड्या नाण्यात गाडून ठेवायच्या, दर जोडीत वेगळे तुकडे. दुकानदार नाणं घेताना प्रत्येक जोडीसाठी छापा-काटा करतो आणि डावा किंवा उजवा एकच तुकडा उघडायला लावतो. एकदा खर्च केलं तर वीस अर्धवट तुकडे, त्यातून काहीच कळत नाही. तेच नाणं दुसऱ्या दुकानात दिलं तर तिथला छापा-काटा वेगळा पडणार, कुठल्यातरी जोडीचे दोन्ही तुकडे बँकेत पोचणार, बेरीज केली की माणूस सापडला. दोन्ही दुकानांत वीसच्या वीस वेळा सारखंच पडायची शक्यता १०४८५७६ मध्ये एक.

आणि गिऱ्हाइकाने तुकड्यांमध्ये दुसऱ्याचाच खाते नंबर भरला तर? म्हणून तो बँकेला एक नाही, समजा ४० पाकिटं देतो, दर पाकिटात एक जोडी, बँक त्यातली कुठलीही २० फोडून बघते, सगळी ठीक असतील तर उरलेल्यांवर सही. खोटं भरणाऱ्याचा धोका त्याच्याच गळ्यात.

तुमच्या पोटापाण्याचं बोलायचं तर, ऑफलाइनमध्ये चोर सापडतो पण *नंतर* सापडतो, तोवर माल गेलेला असतो. मोठ्या रकमेला ऑनलाइनच तपासा.

प्रश्न : इतकं कशाला, बिटकॉइन आहे ना! तिथे नावच लागत नाही.

नाव लागत नाही पण वही सगळ्या जगापुढे उघडी आहे, २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार कुणीही वाचू शकतं. टोपणनावाने लिहिलेली डायरी चौकात टांगून ठेवल्यासारखं आहे, एकदा एका पानावरून हस्ताक्षर ओळखलं की मागची सगळी पानं तुमचीच. २०२१ साली अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीला हॅकर्सनी वेठीला धरून ७५ बिटकॉइन उकळले, एफबीआयने त्या उघड्या वहीतून माग काढत ६३.७ बिटकॉइन महिन्याभरात परत ताब्यात घेतले. चोरांना जे जमलं नाही ते तुम्हाआम्हाला कसं जमणार?

मोनेरो आणि झीकॅश ही नाणी हे झाकायचा प्रयत्न करतात, मोनेरो खऱ्या खर्चाभोवती नकली उमेदवार उभे करतं, आणि झीकॅश २०१६ पासून असा पुरावा वापरतं की व्यवहार बरोबर आहे हे सिद्ध होतं पण कुणाचा, किती, ते दिसत नाही. गणित सुंदर आहे. पण झीकॅशमध्ये झाकलेला व्यवहार करायचा की उघडा हे वापरणाऱ्यावर सोडलंय, आणि थोडेच लोक झाकत असतील तर झाकणारे उठून दिसतात. बुरखा घालायचा तर आजूबाजूला बुरखेवाले हवेत, हे कुठलंही गणित देऊ शकत नाही.

प्रश्न : तुम्ही लोक गोड गोड बोलता, पण अशा पैशाचा पहिला उपयोग खंडणीखोरच करणार. याचं उत्तर आहे का?

आहे, आणि तुमची शंका तज्ज्ञांनी तुमच्याआधीच काढली आहे. १९९२ मध्ये फॉन सोल्म्स आणि नकाश या दोघांनी 'परफेक्ट गुन्हा' दाखवून दिला. अपहरण करणारा स्वतःची बंद पाकिटं बँकेला पाठवतो आणि सांगतो, सह्या करून त्या वर्तमानपत्रात छापा. पेपर सगळेच घेतात, तो घरी बसून पाकिटं उघडतो. नोटांची बॅग घ्यायलासुद्धा यावं लागत नाही. हे वाचलं तेव्हा मीपण गप्प झाले होते.

पण चॉमच्या मूळ मांडणीत निनावी फक्त *देणारा* आहे हे लोक विसरतात. ज्याला पैसे मिळाले त्याला बँकेत नाणी जमा करावी लागतात आणि तिथे त्याचं खातं दिसतं. शिवाय देणाऱ्याने स्वतः ठरवलं तर तो आपल्या नाण्याचा नंबर सांगून पैसे कुणाला गेले हे दाखवून देऊ शकतो, म्हणजे लाच मागणाऱ्याला कायम धाकधूक. टेलर नावाची जी खुली पेमेंट सिस्टीम आहे, मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पातली, ती याच विचारावर उभी आहे, गिऱ्हाईक झाकलेलं, दुकानदाराची कमाई उघडी, टॅक्सवाल्यांना दिसेल अशी. वरच्या अपहरणवाल्यासाठी एकेका माणसाने किती काढायचं त्याची मर्यादा आणि अगदीच वेळ आली तर बँकेने सहीची ती चावीच बाद करून सगळ्यांना नवीन नाणी बदलून देणं, असे उपाय आहेत, डोकेदुखी आहे पण उपाय आहेत.

माझं मत विचाराल तर विकणाऱ्याने निनावी असू नये आणि विकत घेणाऱ्याने असावं. दोघांनाही एकाच तराजूत घालून 'प्रायव्हसी हवी की सुरक्षा हवी' असं विचारतात ना, तिथेच चर्चा भरकटते.

प्रश्न : सेंट्रल बँकांचं डिजिटल चलन आलं की हे सगळं आपोआप मिळेल का?

आपोआप काही मिळत नाही. युरोपच्या सेंट्रल बँकेने डिजिटल युरोबद्दल लोकांना विचारलं, २०२१ मध्ये निकाल आले, ८२०० हून जास्त उत्तरं, आणि सर्वात महत्त्वाचं काय यात ४३ टक्क्यांनी प्रायव्हसी म्हटलं. त्यांच्या आराखड्यात ऑफलाइन पेमेंटचा तपशील फक्त देणाऱ्याघेणाऱ्याला कळणार आहे, ऑनलाइनचं तसं नाही. त्याच वर्षी स्विस नॅशनल बँकेच्या एका निबंधात चॉम, ग्रोटहॉफ आणि मोझर यांनी आंधळ्या सहीवर चालणारं सेंट्रल बँक चलन कसं काढता येईल ते लिहून दिलंय. म्हणजे जमतं. करायचं की नाही, हे ठरवणारे कोण आहेत बघा आणि त्यांना विचारा.

प्रश्न : चॉमने स्वतः कंपनी काढली होती ना, ती का बुडाली?

डिजिकॅश, ॲमस्टरडॅमची. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मार्क ट्वेन बँकेने या कंपनीचं ईकॅश नावाचं डिजिटल चलन सुरू केलं, १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकानं नाहीत म्हणून गिऱ्हाईक येईना, गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानं येईनात, आणि तेवढ्यात लोकांनी वेबसाइटवर कार्ड नंबर टाइप करायची सवय लावून घेतली. निनावीपणा लोकांना नको होता असं काही जण म्हणतात, मला पटत नाही, लोकांना तो मागावा लागेल हेच तेव्हा माहीत नव्हतं.

प्रश्न : मी ऑनलाइन स्टोअर चालवते. पेमेंट निनावी ठेवलं तर माझ्या बाजूने आणखी काय बघू?

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण गळती बहुतेक वेळा पैशात नसतेच, आजूबाजूला असते. नाणं कितीही आंधळं असो, गिऱ्हाईक आलं ते आयपी ॲड्रेस घेऊन, फोन नंबर कंपल्सरी भरून, पानावर जाहिरातवाल्यांचे तीन ट्रॅकर बसलेले, मग सहीचा काय उपयोग? फाइल, लेख, तिकीट असलं काही विकत असाल तर ना पत्ता लागतो ना नंबर, ते रकाने काढूनच टाका, 'ऑप्शनल' लिहून ठेवू नका. वस्तू घरी पाठवायची असेल तर पत्ता लागणारच, तो पोचवून झाल्यावर पुसायची तारीख ठरवा. पावती ईमेलने पाठवण्यापेक्षा डाउनलोड करायला द्या. आणि लॉयल्टी पॉइंट, ते तर मुद्दाम ओळख पटवण्यासाठीच शोधलेलं प्रकरण आहे, निनावी पेमेंटशेजारी ते ठेवणं म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड.

एक गोष्ट गिऱ्हाइकांना सांगा, आम्हीसुद्धा इथे चुकायचो. बँकेतून ७८.४३ काढले आणि पाच मिनिटांत कुठल्यातरी दुकानात ७८.४३ खर्च झाले, तर आंधळी सही आंधळीच राहते पण बँकेच्या क्लार्कचे डोळे उघडे असतात. सोमवारी गोल रक्कम काढा, मग आठवडाभर हवी तशी वापरा. सुट्टे परत घेतानाही तीच काळजी, सुट्टं नाणं जुन्या नाण्याला जोडता आलं की साखळी तयार, म्हणून टेलरमध्ये सुट्टे देताना नवीन नाण्यांवर पुन्हा आंधळीच सही घेतात.

प्रश्न : फोन हरवला तर?

कॅश हरवली तर जे होतं तेच. तुमची नाणी कुठली हे बँकेला ठाऊकच नाही, ती परत काय देणार. बॅकअप असेल तर मात्र धावपळ करून ती नाणी चोराच्या आधी स्वतःच्या खात्यात जमा करता येतात, जो आधी पोचेल त्याचे पैसे. म्हणून अशा वॉलेटमध्ये खिशात ठेवाल तेवढेच ठेवा. बॅकअप कुठे ठेवायचा यावर चार पत्रं आहेत, त्यातल्या एकांनी तो स्वतःलाच ईमेल केलाय, तुम्ही तो मेल आजच्या आज डिलीट करा, ट्रॅशमधूनसुद्धा, बाकीचं पुढच्या अंकात.